मान्यतेविना सात वर्षे : मुक्त दादरा व नगर हवेली (१९५४-१९६१) आणि राज्य-मान्यतेच्या सिद्धान्तांची चिकित्सा

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय कायद्यातील राज्य-मान्यता हे प्रकरण शिकविताना दिली जाणारी उदाहरणे बहुधा दूरदेशीची असतात. मांचुकुओ, ऱ्होडेशिया, उत्तर सायप्रस, कोसोव्हो, सोमालीलँड ही नावे विद्यार्थ्यांच्या वह्यांत हमखास आढळतात. भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यापासून एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर, ठाणे जिल्ह्याच्या तत्कालीन सीमेला लागून, सात वर्षे असाच एक प्रदेश नांदला. त्याचा उल्लेख मात्र या प्रकरणात क्वचितच येतो. २ ऑगस्ट १९५४ ते ११ ऑगस्ट १९६१ या काळात दादरा व नगर हवेली हा सुमारे ४९१ चौरस किलोमीटरचा, ७२ गावांचा प्रदेश पोर्तुगालच्या ताब्यात नव्हता आणि भारताचा भागही नव्हता. त्याचे प्रशासन होते, वरिष्ठ पंचायत होती, जुन्या पोर्तुगीज तिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारून चालविलेली टपालव्यवस्था होती. त्याला राज्य म्हणून मान्यता देणारा देश एकही नव्हता.

मराठी वाचकाला हा प्रदेश ठाऊक आहे तो एका साहसकथेच्या निमित्ताने. सुधीर फडके, राजा वाकणकर, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे या पुणेकर मंडळींचा त्या मोहिमेतील सहभाग आणि मोहिमेच्या निधीसाठी लता मंगेशकर यांनी पुण्यात केलेले गायन यांच्या आठवणी वारंवार छापल्या गेल्या आहेत. ती कथा २ ऑगस्टला सिल्वासा येथे तिरंगा फडकला की संपते. राज्यशास्त्राच्या अभ्यासकाचा प्रश्न तेथेच सुरू होतो. तिरंगा फडकला, परंतु ज्या देशाचा तो ध्वज होता त्या देशाने पुढील सात वर्षे हा प्रदेश आपला असल्याचे म्हटले नाही. असे का घडले, आणि या घटनेच्या कसोटीवर मान्यतेचे प्रचलित सिद्धान्त कितपत टिकतात, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन सिद्धान्त आणि त्यांचे समान गृहीतक

मान्यतेविषयीचे दोन पक्ष सर्वपरिचित आहेत. पहिल्या, म्हणजे संघटक सिद्धान्तानुसार अन्य राज्यांनी मान्यता दिल्यावरच राज्याला आंतरराष्ट्रीय व्यक्तित्व प्राप्त होते. दुसऱ्या, म्हणजे घोषणात्मक सिद्धान्तानुसार राज्य आधीच अस्तित्वात असते. मान्यता ही त्या वस्तुस्थितीची केवळ कबुली होय. १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराने स्थायी लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासनसंस्था आणि अन्य राज्यांशी संबंध प्रस्थापित करण्याची क्षमता असे चार निकष सांगितले व राज्याचे राजकीय अस्तित्व मान्यतेवर अवलंबून नसल्याचेही नमूद केले.

या दोन पक्षांतील वाद पाठ्यपुस्तकांत इतका ठळकपणे मांडला जातो की दोघांचे समान गृहीतक नजरेआड होते. ते असे : मान्यता मागणाऱ्याला राज्य म्हणून टिकायचे असते, आणि मान्यता नाकारणाऱ्याला ते टिकू नये असे वाटते. सोमालीलँडला हे लागू पडते. १९९१ मध्ये स्वतंत्र झाल्याचे घोषित करून, निवडणुका घेऊन, स्वतःचे चलन चालवूनही त्याला तीन दशकांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. डिसेंबर २०२५ मध्ये इस्रायलने त्याला मान्यता दिली. उत्तर सायप्रसलाही ते लागू पडते. १९८३ च्या घोषणेनंतर सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ५४१ द्वारे ती घोषणा कायदेशीरदृष्ट्या अवैध ठरविली आणि तुर्कस्तानखेरीज कोणी पुढे आले नाही. दादरा-नगर हवेलीला मात्र ते दोन्ही बाजूंनी लागू पडत नाही. येथील नेतृत्वाला राज्य म्हणून टिकायचे नव्हते; त्यांना विलीन व्हायचे होते. आणि मान्यता न देणारा शेजारी शत्रू नव्हता. त्याच्याच ध्वजाखाली हा प्रदेश वावरत होता.

सरंजामाचे सार्वभौमत्व कसे झाले

या प्रकरणाची मुळे पेशवाईच्या दफ्तरात आहेत. १७७९ मध्ये पुणे दरबार व पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यान्वये बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना लावून देण्याचे ठरले आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी नगर हवेली व दादरा येथील गावे त्यांच्याकडे गेली. पावणेदोनशे वर्षांनंतर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे प्रश्न उभा राहिला तो या कागदांचा अर्थ काय, हा. दादरा येथील ठाणे २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री, नरोली त्याच महिन्याच्या अखेरीस आणि सिल्वासा २ ऑगस्टला मुक्त झाले होते. दमणहून या अंतर्वेष्टित प्रदेशात जाण्यासाठी भारतीय हद्द ओलांडावी लागे आणि ती वाट भारताने बंद केली होती. पोर्तुगालला १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले आणि अवघ्या आठ दिवसांनी, २२ डिसेंबरला, त्याने भारतीय प्रदेशातून जाण्याच्या हक्कासाठी दावा दाखल केला. भारताची बाजू मो. चि. सेटलवाड यांनी मांडली. भारताच्या वतीने न्यायपीठावर तदर्थ न्यायाधीश म्हणून मो. क. छागला बसले.

न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिलेल्या निकालाचा मराठी सनदांविषयीचा भाग मुळातून वाचण्यासारखा आहे. तह वैध होता, कारण मराठ्यांनीच तो कधी नाकारला नव्हता. परंतु तहाने व सनदांनी पोर्तुगीजांना दिले ते जहागीर अथवा सरंजाम या स्वरूपाचे वसुलाचे हक्क होते, गावांवरील सार्वभौमत्व नव्हे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. ‘सरंजाम’ हा शब्द मराठी दफ्तरातून जागतिक न्यायालयाच्या निकालात जसाच्या तसा गेला. सरंजाम दरबाराच्या मर्जीवर असतो, तो काढून घेता येतो, हे पेशवाईच्या अभ्यासकास वेगळे सांगावयास नको.

मग पोर्तुगाल सार्वभौम झाला कसा? न्यायालयाचे उत्तर असे की पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांना या गावांत पोर्तुगीजांची निर्विवाद सत्ता आढळली, त्यांनी तिला हरकत घेतली नाही, स्वतः मराठ्यांचे वारस म्हणून हक्क सांगितला नाही. त्यांच्या या वर्तनातून पोर्तुगीज सार्वभौमत्वाला मान्यता मिळाली व पुढे भारतानेही तिला मूकसंमती दिली. थोडक्यात, करारपत्राने जे दिले नव्हते ते तिसऱ्याच्या मौनाने दिले. मान्यतेचा सिद्धान्त शिकविताना हा दाखला वगळला जावा हे आश्चर्यकारक आहे. येथे मान्यता ही वस्तुस्थितीची कबुली उरत नाही. वसुलीच्या हक्काचे राज्यसत्तेत रूपांतर करण्याइतकी ती निर्मितिक्षम ठरते, आणि तेही कोणी काही न बोलता. त्याच न्यायालयापुढे दावा चालू असताना प्रत्यक्ष कारभार करणाऱ्या सिल्वासा येथील प्रशासनाला मात्र कोणतेच स्थान नव्हते. सरंजामदाराच्या वारसाला न्यायालयात उभे राहता आले. गावांना आले नाही.

निकालाचा उर्वरित भाग परिचित आहे. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांच्या ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रसामग्री यांच्यासाठीचा हक्क आठ विरुद्ध सात मतांनी अमान्य झाला. आणि जुलै १९५४ मध्ये वाट नाकारताना भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. दोन्ही बाजूंना विजय साजरा करता यावा असा हा निकाल. एका मताचा फरक पडता तर भारतापुढे पेच उभा राहिला असता, ही बाब आपल्याकडील लेखनात फारशी येत नाही.

मौनाचे दुसरे रूप

या पार्श्वभूमीवर भारताच्या सात वर्षांच्या मौनाचा अर्थ लागतो. भारताने १९५४ मध्येच प्रदेश विलीन करून घेतला असता तर बळाचा वापर करून भूप्रदेश मिळविल्याचा आरोप दृढ झाला असता. त्याला स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता दिली असती तर ती अकाली मान्यता, पर्यायाने दुसऱ्या राज्याच्या कारभारात हस्तक्षेप, ठरली असती. दावा दाखल झाल्यानंतर तर कोणतेही पाऊल हेग येथे पुरावा म्हणून मांडले गेले असते. पोर्तुगीज सत्तेचा पाडाव तेथील जनतेने व गोमंतकीय राष्ट्रवाद्यांनी केला, त्यात भारतीय शासनाचा हात नव्हता, ही भारताची अधिकृत भूमिका होती. ती टिकवायची तर सिल्वासाशी अंतर राखणे भाग होते. अमान्यता ही येथे शिक्षा नव्हती. ती ढाल होती.

ज्याला मान्यता हवी त्याच्या दृष्टीने पाहिले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. गोमंतकीय राष्ट्रवादी अप्पासाहेब करमळकर यांच्यापासून सुरू झालेल्या प्रशासनाला दिल्लीकडून विलीनीकरण हवे होते; लिस्बनकडून, लंडनकडून किंवा न्यूयॉर्ककडून काहीच नको होते. मान्यता मिळविण्याची जी साधने इतर अमान्य राज्ये वापरतात, म्हणजे परदेशांतील प्रतिनिधी कार्यालये, आंतरराष्ट्रीय संघटनांकडे अर्ज, मित्रराष्ट्रांचे पाठबळ, त्यांपैकी एकाचाही येथे उपयोग नव्हता. पश्चिम सहाराच्या अरब प्रजासत्ताकाने हाच मार्ग अनुसरून १९८२ मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटनेत प्रवेश मिळविला. भारताने त्याला १९८५ मध्ये मान्यता दिली आणि २००० मध्ये ती काढून घेतली. (मान्यता एकदा दिली की परत घेता येत नाही असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.) सिल्वासाच्या राजनयाचा सारा पत्ता मात्र एकच होता. त्याला राजनय म्हणावे की विनंती, हा प्रश्न रास्त आहे.

भारतीय इतिहासात याला जवळचे उदाहरण जुनागढच्या आरझी हुकूमतीचे. सप्टेंबर १९४७ मध्ये मुंबईत शामळदास गांधी यांच्या नेतृत्वाखाली हे हंगामी सरकार स्थापन झाले, त्यालाही भारत सरकारने औपचारिक मान्यता दिली नाही आणि त्याचेही ध्येय भारतातील समावेशाचेच होते. परंतु तेथे काही महिन्यांत भारताने कारभार हाती घेतला आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये सार्वमत घेतले. सिल्वासा येथे सात वर्षे गेली, आणि सार्वमत झाले नाही.

करारावर सही कोणाची

१९६० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव क्रमांक १५१४ संमत केला आणि दुसऱ्याच दिवशी ठराव क्रमांक १५४२ द्वारे पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेश स्वयंशासित नसल्याचे जाहीर केले. हेगचा निकालही लागून गेला होता. वारे फिरले. १२ जून १९६१ रोजी वरिष्ठ पंचायतीने भारतीय संघराज्यात विलीन होण्याचा ठराव केला. भारत सरकारने प्रशासक म्हणून पाठविलेले भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी के. जी. बदलाणी यांना एका दिवसापुरते शासनप्रमुखपद देण्यात आले, आणि त्या नात्याने त्यांनी पंडित नेहरूंबरोबर विलीनीकरणाच्या करारावर सही केली. दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून हा प्रदेश संघराज्याचा भाग झाला. सात वर्षांपूर्वी याच तारखेला पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला होता.

येथे दोन्ही सिद्धान्त अडखळतात. संघटक पक्षाच्या मते मान्यता नाही तर राज्य नाही; मग भारताने करार केला तो कोणाशी? करार करणे हीच गर्भित मान्यता मानावी, तर मुक्त दादरा-नगर हवेलीच्या आंतरराष्ट्रीय अस्तित्वाचा पहिला दिवस हाच तिचा अखेरचा दिवस ठरतो. घोषणात्मक पक्षाची अडचण निराळी आहे. लोकसंख्या, भूप्रदेश, शासन हे तीन निकष पूर्ण होतात. चौथा निकष, संबंध प्रस्थापित करण्याची स्वतंत्र क्षमता, शंकास्पद राहतो. करारावर एका बाजूने भारताचे पंतप्रधान व दुसऱ्या बाजूने भारताच्याच सेवेतील अधिकारी सही करतो, तेव्हा दोन पक्ष होते असे म्हणणे धाडसाचे होईल.

या ठिकाणी एक अप्रिय तुलना टाळता येत नाही. १९३२ मध्ये जपानने मांचुरियात उभ्या केलेल्या मांचुकुओला राष्ट्रसंघाच्या बहुतेक सदस्यांनी नाकारले ते नेमक्या याच कारणास्तव : शासनाची सूत्रे शेजारी राज्याच्या अधिकाऱ्यांच्या हाती होती. मग फरक कोठे आहे? उत्तर माँटेव्हिडिओच्या निकषांत सापडत नाही. ते वसाहतवादाच्या प्रश्नात, म्हणजे स्वयंनिर्णयाच्या तत्त्वात शोधावे लागते. एका ठिकाणी साम्राज्याचा विस्तार होता, दुसऱ्या ठिकाणी साम्राज्याचा अस्त. परंतु हे उत्तर स्वीकारले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही : ‘स्व’ म्हणजे कोण? फ्रेंच वसाहतींच्या बाबतीत ऑक्टोबर १९५४ मध्ये कीळूर येथे १७८ लोकप्रतिनिधींपैकी १७० जणांनी विलीनीकरणाच्या बाजूने मत दिल्याची नोंद तरी आहे. सिल्वासा येथे वरिष्ठ पंचायतीचा ठराव एवढाच आधार. विलीनीकरणाला स्थानिक विरोध होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या तत्त्वावर साऱ्या प्रकरणाचे समर्थन उभे आहे त्याचा पुरावा इतका अल्प असावा, हे मान्य केले पाहिजे.

स्मरणलेखनातील विसंगती

मराठी स्मरणलेखनाची मर्यादा येथे उघड होते. पुण्यामुंबईहून गेलेल्या स्वयंसेवकांचा पराक्रम हा या लेखनाचा गाभा आहे आणि त्या धैर्याबद्दल आदरच असावा. फ्रान्सिस मास्करेन्हस यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते व वारली भागातील कम्युनिस्ट यांनी वेगवेगळ्या प्रेरणांनी भाग घेतला. श्रेयाची वाटणीही त्याप्रमाणे वेगवेगळी लिहिली गेली. परंतु भारताने जगापुढे मांडलेले कथन ‘तेथील जनतेचा उठाव’ असे होते आणि मराठीत रूढ झालेले कथन ‘आपल्या माणसांची मोहीम’ असे आहे. ही दोन कथने एकमेकांशी जुळत नाहीत, आणि आपल्या लेखनाला या विसंगतीची जाणीवही दिसत नाही. पहिल्या कथनात वारली, धोडिया, कोकणा हे कर्ते आहेत. दुसऱ्यात ते वाट दाखविणारे आहेत. दोहोंपैकी एकातही त्यांचे स्वतःचे निवेदन नाही. शेजारच्या तलासरी-उंबरगाव भागातील वारल्यांच्या १९४५ च्या उठावाला ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिणाऱ्या गोदावरी परुळेकर लाभल्या. नगर हवेलीला तसे पुस्तक लाभले नाही.

तारखा आणि जमीन

अमान्यतेचे परिणाम केवळ शाब्दिक नसतात. गोवा, दमण व दीव यांचे उदाहरण घ्यावे. तेथे डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाई झाली आणि मार्च १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीला २० डिसेंबर १९६१ पासून पूर्वलक्षी प्रभाव देण्यात आला. मुक्ती आणि विलीनीकरण यांत अंतर उरले नाही. दादरा-नगर हवेलीच्या बाबतीत असा पूर्वलक्षी प्रभाव १९५४ पर्यंत नेता आला नाही. तसे करणे म्हणजे हेग येथील आपलीच भूमिका खोडून काढणे झाले असते. पोर्तुगालमधील १९७४ च्या क्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४ रोजी झालेल्या करारात पोर्तुगालने या सर्व प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. परंतु ते प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार भारताचे भाग झाले त्या तारखांपासून. नगर हवेलीसाठी ती तारीख १९६१ ची. काटेकोर वाचन केल्यास निष्कर्ष विचित्र निघतो : १९५४ ते १९६१ या वर्षांत हा प्रदेश कोणाचा होता याचे उत्तर या करारात नाही, आणि जे गर्भितपणे सूचित होते ते मुक्तीच्या कार्यकर्त्यांना रुचणारे नाही. २ ऑगस्ट हा मुक्तिदिन तेथे साजरा होतो. कायद्याच्या दफ्तरात त्या तारखेला काही घडलेले नाही.

याहून गंभीर परिणाम जमिनीचा. पोर्तुगीजांनी १९१९ च्या कृषिविषयक संहितेने ‘अल्वारा’ व ‘तेरेम’ या धारणापद्धती चालविल्या होत्या. आदिवासीबहुल प्रदेशात मोठ्या प्रमाणावर जमिनी अल्वाराधारकांकडे गेल्या होत्या. परकीय सत्ता गेली तेव्हा शेजारच्या मुंबई राज्यात कूळकायदा लागू होऊन सहा वर्षे झाली होती. मुक्त प्रशासनाच्या काळात अल्वारा-पद्धती मोडली नाही. हंगामी म्हणून जगणारे, आज ना उद्या विलीन होऊ म्हणणारे, कोणत्याही न्यायालयापुढे ज्याचा कायदा कायदा ठरेल याची शाश्वती नाही असे शासन मालकी हक्काला हात घालण्याचे धाडस करीत नाही, असा तर्क करता येतो. केवळ तर्क का? कारण विलीनीकरणानंतर शाश्वती आली तरी घाई झाली नाही. १९६१ च्या अधिनियमाने प्रचलित कायदे पुढे चालू ठेवले आणि दादरा व नगर हवेली जमीन सुधारणा विनियम आला तो १९७१ मध्ये. सिल्वासा येथील ध्वज १९५४ मध्ये बदलला, घटनेतील स्थान १९६१ मध्ये, पोर्तुगालचे मत १९७४ मध्ये. कसणाऱ्याच्या नावावर जमीन चढण्याचा रस्ता या साऱ्या तारखांपासून वेगळाच, त्याच्या स्वतःच्या गतीने चालत राहिला. २६ जानेवारी २०२० रोजी दमण व दीव यांच्याशी एकत्र करून नवा केंद्रशासित प्रदेश निर्माण करण्यात आला, तेव्हाही सार्वमत घेतले गेले नाही.